रिकाम्या रकान्यात काय होतं

एका ग्रामीण परिसरात प्रशिक्षण केंद्र काढायचं होतं. ते कुठे असावं आणि तिथे काय शिकवावं, हे ठरवण्याआधी त्या परिसराची अर्थव्यवस्था समजून घ्यायला हवी होती, आणि ते काम माझ्याकडे आलं. ३८ गावं, मधे एक लहान शहर, कडेनं गेलेला महामार्ग. इथे पैसा येतो कुठून, फिरतो कसा आणि जातो कुठे, एवढंच सांगायचं होतं. सहा आठवड्यांत मी अहवाल लिहून दिला. तो चुकीचा होता. कसा चुकला आणि पुढच्या दीड वर्षात कसा दुरुस्त होत गेला, ते इथे सांगते आहे. अशा कामाला बसणाऱ्या कुणाचीही हीच चूक होऊ शकते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात आस्थापनांच्या, म्हणजे दुकानं, कारखाने, कार्यालयं यांच्या गणनेपासून केली. ओळीत उद्योग, स्तंभात विभाग, आणि प्रत्येक रकान्यात तिथल्या नोकऱ्यांचा आकडा. अशा तक्त्यावरून एक साधं गुणोत्तर काढतात, त्याला लोकेशन क्वोशंट म्हणतात. समजा, एखाद्या भागातल्या नोकऱ्यांपैकी १२ टक्के लाकूडकामात आहेत आणि देशभरात हेच प्रमाण ४ टक्के आहे, तर गुणोत्तर आलं ३. म्हणजे हा भाग स्वतःला लागतं त्याहून जास्त लाकूडकाम करतो, जास्तीचं बाहेर विकतो आणि बाहेरचा पैसा आत आणतो. गुणोत्तर १ च्या आसपास असेल, तर तो धंदा बहुधा इथल्याच लोकांची गरज भागवतो. बाहेरचा पैसा आणणारे उद्योग हा पाया, आणि बाकीचे त्याच्या आधारानं उभे, असा त्यामागचा विचार.

माझ्या तक्त्यात वाहतुकीचं गुणोत्तर सर्वांत वर आलं. कारखानदारी शून्य. महामार्ग नकाशावर दिसतच होता, त्यामुळे उत्तर चटकन जुळलं : हा परिसर मालवाहतुकीवर जगतो. केंद्रात वाहनदुरुस्ती आणि गोदामाचं काम शिकवावं, अशी शिफारस मी केली. आकडे आणि नकाशा एकमेकांना दुजोरा देत होते. त्या समाधानात मी पुढे काही तपासलंच नाही.

चूक सापडली ती बेरजेत. अहवालाच्या परिशिष्टासाठी तक्ता नीट मांडत असताना मी सगळ्या ओळींची बेरीज घेतली, तर ती छापील एकूण आकड्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भरली. दोन दिवस सूत्रं तपासण्यात गेले. मग तक्त्याखालच्या बारीक टिपेवर नजर पडली. कारखानदारीच्या रकान्यात शून्य नव्हतंच. तिथे एक आडवी रेघ होती. फाइल उघडताना प्रोग्रामनं त्या रेघेच्या जागी रिकामा रकाना ठेवला, आणि पुढच्या पायरीवर मी सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरून टाकलं होतं.

त्या रेघेचा अर्थ होता 'दडवलेलं'.

माहिती देणाऱ्याची गोपनीयता सांख्यिकी संस्थांना राखावी लागते. एखाद्या विभागात एखाद्या उद्योगाच्या एक-दोनच आस्थापना असतील, किंवा एकच आस्थापना बाकीच्यांपेक्षा फार मोठी असेल, तर तो आकडा छापणं म्हणजे त्या एका कारखान्याचं गुपित छापणं. म्हणून तो दडवतात. पण एकच रकाना दडवला, तर एकूण बेरजेतून बाकीचे आकडे वजा करून कुणीही तो काढू शकेल. म्हणून त्याला झाकण्यासाठी दुसरा एखादा निरुपद्रवी रकानाही दडवतात. माझ्या तक्त्यात दोन रेघा होत्या : एक कारखानदारीची आणि एक करमणूक-सेवांची. दोन्ही मिळून किती नोकऱ्या, ते बेरजेतल्या फरकावरून कळत होतं. कुणाच्या किती, ते कळत नव्हतं. पण एवढ्या लहान शहरात करमणूक-सेवांवर हजारो माणसं नोकरीला नसतात, हे समजायला आकड्याची गरज नव्हती.

या गोष्टीनं मी आतून हलले, आणि अजूनही तिचा विचार करते. मोठ्या शहरात एका उद्योगाचे पाच-पन्नास मालक असतात, तिथला आकडा सहसा दडवावा लागत नाही. ग्रामीण भागात उलट. एखादा परिसर एकाच मालकावर जितका जास्त अवलंबून, तितकी तो मालक तक्त्यातून नाहीसा होण्याची शक्यता जास्त. ज्याच्यामुळे गाव चालतं, नेमका तोच आकडा छापला जात नाही. आणि तो नसला की उरलेल्यांचे टक्के फुगतात. माझं वाहतुकीचं गुणोत्तर तसंच फुगलं होतं. ती वाहनं होती कारखान्याचा माल नेणारी. कारखाना काढून टाकला, तर वाहतूक आपल्या पायावर उभी राहणारच नव्हती.

तो कारखाना कुठे आहे, किती मोठा आहे, हे पुढे चौकशीत कळलंच. तरी त्याच्या नोकऱ्यांचा नेमका आकडा मी अहवालात घातला नाही. दोन्ही रेघांची मिळून बेरीज दिली आणि 'यातला बहुतांश वाटा कारखानदारीचा' एवढंच लिहिलं. सहकाऱ्यांशी यावरून वाद झाला. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लपवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण गणनेला माहिती देताना जे वचन दिलं गेलं होतं, ते आकडेमोड जमते म्हणून मी मोडावं, हे मला पटत नव्हतं. अशी वचनं मोडू लागली, की पुढच्या वेळी माणसं खरी माहिती देत नाहीत, आणि मग सगळाच तक्ता पोकळ होतो.

त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये रिकामा रकाना राहिला नाही. प्रत्येक जागी चारपैकी एक शब्द लिहायचा : 'निरंक', 'दडवलेलं', 'माहीत नाही' किंवा 'विचारलेलं नाही'. निरंक म्हणजे खरोखरच मोजलं आणि काही नव्हतं. हे चारही शब्द रकान्यात सारखेच रिकामे दिसतात, पण त्यांचे अर्थ एकमेकांपासून फार लांबचे आहेत. पुढची सगळी दुरुस्ती या चार शब्दांतूनच झाली.

अहवाल मागे घेतल्यावर मी दुसरा पुरावा शोधू लागले आणि उपग्रहांकडे वळले. रात्रीच्या उजेडावरून अर्थव्यवस्थेचा अंदाज बांधता येतो, हे हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवलं. ज्या देशांची राष्ट्रीय आकडेवारी कच्ची आहे, तिथे हा उजेड विशेष उपयोगी पडतो. १९९२ ते २०१३ पर्यंतचा जुन्या डीएमएसपी उपग्रहांचा उजेड आणि २०१२ पासूनचा व्हीआयआयआरएस या नव्या संवेदकाचा उजेड, दोन्ही मोफत मिळतात. मी दोन्ही उतरवून एकापुढे एक जोडले. आलेखात मधेच मोठी उडी दिसली, आणि क्षणभर वाटलं, परिसराची भरभराट सापडली. उडी परिसरानं मारलेली नव्हती. जुना संवेदक उजेड ० ते ६३ एवढ्याच पायऱ्यांवर मोजायचा. शहराचा मध्य ६३ ला टेकला, की पुढे कितीही दिवे लावा, आकडा हलत नाही. नव्याचं तसं नाही. मोजपट्टी बदलली होती, आणि दोन मोजपट्ट्यांचे आकडे एकाच रेघेत ओवणारी मी होते.

तरी उजेडानं मला एक गोष्ट दिली. नवा उपग्रह रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्या वेळी घरं झोपलेली असतात आणि तिसरी पाळी जागी असते. शहराच्या पूर्वेला एक ठळक ठिपका होता, दर महिन्याच्या चित्रात तिथेच. तक्त्यातली आडवी रेघ आकाशातून अशी दिसत होती. उलट महामार्गाचा एक पट्टा हळूहळू मंदावत गेलेला दिसला. व्यापार बसला की काय, या शंकेनं मी तिथे गेले, तर रस्त्यावर नवे एलईडी दिवे लागलेले. या संवेदकाला साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसतच नाही, आणि पांढऱ्या एलईडीचा बराच प्रकाश तिथे असतो. रस्ता पूर्वीपेक्षा उजळ होता आणि चित्रात काळवंडला होता.

आणि गावं? ३८ पैकी बहुतेक गावं जवळपास पूर्ण काळी. गरीब गाव आणि त्याहून गरीब गाव यांतला फरक उजेडात दिसत नाही, कारण दोन्हीकडे अंधारच असतो. नील जीन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा या पाच देशांसाठी दिवसाची उपग्रहचित्रं वापरली, त्यामागे हीच अडचण होती : छपरं, रस्ते, शेतांचे आकार दिवसा दिसतात. पण त्यांच्या पद्धतीलाही प्रत्यक्ष घरोघरच्या पाहण्यांचा आधार लागला. तशीच गोष्ट रवांडातल्या मोबाइल-नोंदींच्या कामाची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १५ लाख ग्राहकांच्या नोंदी होत्या, पण त्यांतून संपत्तीचा अंदाज बांधता आला तो ८५६ जणांना फोन करून प्रश्न विचारले म्हणून. हे वाचल्यावर मी संगणक बंद केला आणि गावात जायची तयारी केली. काळ्या पिक्सेलला माझ्या फाइलमध्ये मी शब्द दिला, 'माहीत नाही'.

घरोघरच्या पाहणीचा आराखडा आम्ही नेहमीच्या श्रम-पाहणीवरूनच घेतला होता. पहिलाच प्रश्न : गेल्या सात दिवसांत पैशासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलं का? पहिल्याच दिवशी एका बाईंशी बोलायला आम्ही शेताच्या बांधावर थांबलो. त्या खुरपत होत्या. हात धुऊन आल्या, प्रश्न ऐकला आणि म्हणाल्या, "नाही बाई, मी घरीच असते." सहकाऱ्यानं 'नाही' वर खूण केली. त्यांच्या उत्तरावरून नियमानं ते बरोबरच होतं. मी मात्र त्यांच्या मातीनं भरलेल्या नखांकडे बघत राहिले.

नंतर कळलं, की हा घोळ फक्त आमच्या प्रश्नावलीचा नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरलेल्या श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९ व्या परिषदेनं २०१३ साली 'काम' आणि 'रोजगार' यांची फारकत केली. पैसे किंवा नफा मिळतो तो रोजगार. स्वतःच्या घरी वापरण्यासाठी पिकवणं हे काम आहे, पण रोजगार नाही. ही व्याख्या मला चुकीची वाटत नाही. उलट, तिच्यामुळे न मोजलेल्या कामाला पहिल्यांदाच स्वतःचं नाव मिळालं. पण जो देश नव्या व्याख्येवर येतो, तिथे ग्रामीण रोजगाराचा आकडा एका फटक्यात खाली येऊ शकतो, शेतात एकही माणूस कमी झालेलं नसताना. जुन्या आणि नव्या पाहण्या शेजारी ठेवून 'गावात बेकारी वाढली' असं म्हणणारा माणूस आपल्या फाइलमध्ये मोजपट्टीचा बदल मोजत असतो. मी उजेडाच्या बाबतीत तेच केलं होतं.

आम्ही प्रश्नांचा क्रम उलटा केला. 'काम' हा शब्दच आधी काढायचा नाही. सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, ते सांगा. त्यातलं काय विकलं गेलं, काय घरी राहिलं, ते नंतर. वेळ तिप्पट लागला. त्याच बाई दुसऱ्या भेटीत पाऊण तास बोलल्या, आणि घरातल्या विकल्या जाणाऱ्या मालापैकी निम्म्याहून जास्त त्यांच्या हातचा होता, हे त्यांच्याच बोलण्यातून बाहेर आलं. सात दिवसांची मर्यादाही आम्ही सोडली. पेरणीच्या आठवड्यात विचारलं तर सगळे कामाला, त्यानंतरच्या महिन्यात विचारलं तर निम्मे घरी, आणि पुढच्या महिन्यात विचारायला गेलं तर घराला कुलूप, कारण माणसं दुसरीकडे हंगामावर गेलेली. एका गावातल्या २२ कुलूपबंद घरांपुढे आधीच्या गणनेत नुसता रिकामा रकाना होता. आम्ही बारा महिन्यांची पट्टी काढली, आणि प्रत्येक घराला प्रत्येक महिन्यात माणसं कुठे असतात, ते विचारलं.

इथून पैशाचं चित्र बदलायला लागलं. बाहेरून पैसा आणतो तो पाया, हे सूत्र मी नोकऱ्यांच्या तक्त्यावर लावलं होतं. पण गावात बाहेरचा पैसा आणणाऱ्या कितीतरी वाटांना नोकरीचा रकानाच नाही. हंगामावर गेलेल्यांची कमाई, दूर कायमचं राहिलेल्या मुलांनी पाठवलेले पैसे, निवृत्तांची पेन्शन, सरकारी अनुदानं. आस्थापनांच्या गणनेत हे येणार नाही, कारण इथे आस्थापनाच नाही. १४ गावांत घरांनी सांगितलेल्या रोख उत्पन्नात या वाटांचा हिस्सा पिकाच्या विक्रीपेक्षा मोठा निघाला. आमचा नमुना लहान होता, त्यामुळे मी नेमका टक्का कधीच सांगितला नाही. मोठा-लहान एवढंच सांगितलं.

लहान नमुन्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. गावांची उत्पन्नानुसार क्रमवारी लावली, तर सर्वांत वर आणि सर्वांत खाली, दोन्ही टोकांना सर्वांत लहान गावं येतात. नऊ घरांच्या वस्तीत एका घरी चांगली नोकरी लागली की सरासरी आभाळाला टेकते. ती क्रमवारी आम्ही कुणालाच दाखवली नाही. एखाद्या गावावर 'सर्वांत मागास' असा शिक्का असल्या योगायोगानं बसावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग हद्दींचा प्रश्न आला. ३८ गावं ही कुणीतरी प्रशासनाच्या सोयीसाठी बांधलेली मोळी होती. आम्ही मोठे कोरे नकाशे नेले आणि लोकांना बाण काढायला सांगितलं : विकायला कुठे जाता, खरेदीला कुठे, कर्ज कुठून घेता, आजारी पडलात तर कुठे. दोन-तीन दिवसांतच उत्तरेकडच्या ११ गावांचे जवळपास सगळे बाण हद्दीबाहेरच्या दुसऱ्याच शहराकडे गेले. ती गावं कागदावर आमची होती आणि व्यवहारानं परकी. त्यांना वगळून, त्यांना धरून, आणि नदीच्या दोन्ही काठांचे वेगळे गट करून मी सिंचन आणि उत्पन्नाचा संबंध तीनदा काढला. तीनदा वेगळा आला. गटांची रेघ हलवली की सहसंबंध हलतो, हे गेल्के आणि बील यांनी १९३४ सालीच दाखवून ठेवलं आहे. वाचून माहीत असणं वेगळं, आणि आपल्याच आकड्यांनी हात दाखवणं वेगळं. मी तिन्ही उत्तरं अहवालात दिली आणि कोणती रेघ का निवडली, ते लिहिलं.

बाणांमधून सर्वांत मोलाचं काय मिळालं असेल, तर पैसा गावात किती वेळ टिकतो ते. समजा, गावात १०० एकक पैसा आला आणि त्यातला ६० लगेच बाहेरच्या शहरात खर्च झाला. उरलेला ४० गावातल्याच कुणाच्या तरी हाती गेला, त्यातला पुन्हा ४० टक्के, म्हणजे १६, गावात राहिला, मग ६.४, असं करत गेलं तर एकूण व्यवहार सुमारे १६७ चा होतो. गळती ६० ऐवजी ४० असती, तर तोच १०० चा पैसा २५० चा व्यवहार करून गेला असता. बाहेरून आणखी पैसा आणण्याचा विचार सगळे करतात. आलेला पैसा आणखी एक फेरा गावातच कसा मारेल, हा विचार त्या बाणांशिवाय माझ्या डोक्यात आला नसता. दुरुस्त अहवालात प्रशिक्षणाची यादी बदलली ती यामुळे : पंपांची आणि अवजारांची दुरुस्ती, बांधकामातली कौशल्यं, हिशेब ठेवणं. ज्या कामांसाठी गावातली माणसं पैसे घेऊन हद्दीबाहेर जात होती, ती कामं. वाहनदुरुस्ती यादीत राहिली, पण आता ती कारखान्याच्या भवितव्याला बांधलेली आहे, हे शेजारी लिहून.

अहवाल मंजूर झाल्यावर मी प्रत्येक गावाची ओळ मोठ्या अक्षरात छापून गावी परत नेली. हे कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्यांच्याकडून एवढं घेतलं, त्यांनी ते एकदा डोळ्याखालून घालावं, असं मला फार वाटत होतं. एका गावात महिन्यांची पट्टी चुकलेली निघाली; हंगाम आम्ही लिहिला होता त्याच्या महिनाभर आधी सुरू होतो, हे तिथल्या म्हाताऱ्यांनी एकमुखानं सांगितलं. ती तिथेच दुरुस्त केली.

खुरपणाऱ्या त्या बाईही आल्या होत्या. त्यांनी आपल्या गावाच्या ओळीवरून बोट फिरवत नेलं, शेवटापर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. मग विचारलं, "यात पाण्याचं कुठंय?" मी सिंचनाचा रकाना दाखवला. "ते नाही. प्यायचं आणायला जातो ते. उन्हाळ्यात अर्धा दिवस त्यातच जातो."

राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाचं उत्पादन आणि उत्पन्न मोजण्याच्या, २००८ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाणी वाहून आणणं हे उत्पादन धरलेलं आहे, हे मला माहीत होतं. सकाळपासूनचा दिनक्रम आम्ही शेकडो घरांत विचारला होता, आणि पाण्याला लागणारा वेळ त्यातून वेगळा काढायचं आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर छापील ओळीच्या शेवटी पेनानं एक स्तंभ वाढवला, 'पाणी, तास, महिन्यागणिक', आणि त्यांनी सांगितलेले आकडे लिहिले. मार्च अडीच तास, एप्रिल साडेतीन, मे पाच.

ते केंद्र आता सुरू आहे. तो स्तंभ मी गावोगावी विचारत भरते आहे. आजवर १३ गावांचा झाला. उरलेल्या २५ रकान्यांत सध्या 'विचारलेलं नाही' असं लिहिलं आहे.